प्रार्थनेला बसताना खोकला होता

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई अडतीस वर्षांच्या आहेत. घरात नवरा, पाच वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासऱ्यांची किडनी तीन वर्षांपूर्वी बदलली. ती सासूबाईंनी दिली. बाई मुळातच श्रद्धाळू, आणि गेली दोन वर्षं एका प्रार्थनामंडळात जातात. मंडळ चालवणाऱ्या ताई सांगतात की ईश्वरानं घडवलेलं शरीर परिपूर्ण असतं, विषाणूमुळे आजार होतो हा वैद्यकानं उभा केलेला बागुलबुवा आहे. आजार मनातल्या अशुद्धीतून येतो आणि ताप-खोकला म्हणजे शरीरानं बाहेर टाकलेली घाण. बाईंनी या विषयावर बरंच वाचलं, व्हिडिओ पाहिले आणि त्यांना ते पटत गेलं. दोन महिन्यांपूर्वी अंगात ताप आणि खोकला असताना त्या रोजच्यासारख्या सासऱ्यांच्या शेजारी बसल्या आणि प्रार्थना मोठ्यानं वाचून दाखवली, कारण सासऱ्यांना आता अक्षर दिसत नाही. तिसऱ्या दिवशी सासरे तापले. इन्फ्लुएन्झाचं निदान झालं आणि अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. आता ते घरी आहेत, पण अशक्त आहेत. नवरा म्हणाला, "तुझ्या देवानं बाबांना मारलंच असतं." तेव्हापासून दोघांत कामापुरतं बोलणं. मुलाच्या लशीची तारीख बाईंनी दोनदा पुढे ढकलली आहे. ताईंचं आता म्हणणं आहे की सासऱ्यांच्या गोळ्याच त्यांचं शरीर पोखरतायत, त्या कमी कराव्यात. बाई विचारतात: "विषाणू मानले तर माझी श्रद्धा खोटी ठरते. नाही मानले तर घर तुटतं. मी काय निवडू?"

नमस्कार.

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ लिहून खोडलेली आहे. खोडलेलं वाचू नये हे मला कळतं, पण पेनाची रेघ एकच होती आणि खालची अक्षरं स्पष्ट दिसत होती: "मग ते माझ्यामुळे झालं का?" त्या ओळीकडे मी येणार आहे. आधी तुम्ही न खोडता जे विचारलंत त्याबद्दल बोलू.

एक गोष्ट मात्र त्याच्याही आधी, कारण ती थांबू शकत नाही. बाबांच्या गोळ्यांना हात लावू नका. एकही कमी नाही, एक दिवससुद्धा नाही. बाकी सगळ्यावर आपण शांतपणे विचार करू, वाद घालू, तुम्ही माझ्याशी असहमत राहिलात तरी चालेल. गोळ्यांचं तसं नाही. त्यांत बदल करायचा तर तो बाबांचे किडनीचे डॉक्टर करतील, दुसरं कोणीही नाही. काढे, चूर्णं, जडीबुटीसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय नको. काहींमुळे त्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वरखाली होतं.

आता तुमचा प्रश्न. विषाणू की श्रद्धा, असे दोन पर्याय तुम्ही तराजूच्या दोन पारड्यांत ठेवलेत. ते तिथे कोणी ठेवले, हे आठवून पाहा. तुम्ही लिहिता की लहानपणापासून तुम्ही प्रार्थना करत आलात. म्हणजे तीसेक वर्षं. त्यांपैकी अठ्ठावीस वर्षं तुम्हाला गोवर-कांजिण्या विषाणूंमुळे होतात हे माहीत होतं आणि देवही होता. दोघांचं भांडण नव्हतं. भांडण लागलं ते गेल्या दोन वर्षांत. ते तुमच्या श्रद्धेनं लावलं की एका माणसाच्या सांगण्यानं, एवढंच मला विचारायचं आहे. ताईंचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ताई म्हणजे धर्म नव्हे, आणि ताईंचं वैद्यकाबद्दलचं मत म्हणजे ईश्वराचं मत तर नव्हेच.

श्रद्धा एका बाजूला आणि वैद्यक दुसऱ्या बाजूला, अशी रांग इतिहासातही लागलेली नाही. १७२१ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात देवीची साथ आली. तेव्हा लस नव्हती. देवी झालेल्या माणसाच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा, सौम्य आजार येऊ द्यायचा आणि जन्माचं संरक्षण मिळवायचं, अशी एक पद्धत आफ्रिकेत होती. ती कॉटन मॅदर या पाद्र्याला कळली ओनेसिमस नावाच्या माणसाकडून. हा आफ्रिकी माणूस त्यांच्या घरात गुलाम होता. मॅदर यांनी शहरातल्या डॉक्टरांना गळ घातली. तयार झाले एकटे झॅब्डिएल बॉइल्स्टन, आणि त्यांनी सुरुवात केली ती स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलापासून. शहरात वैद्यकाची पदवी असलेला जो डॉक्टर होता तो कडाडून विरोधात, आणि पाद्री बाजूनं! ईश्वराच्या इच्छेत ढवळाढवळ केली म्हणून लोक इतके चिडले की मॅदर यांच्या घराच्या खिडकीतून पेटता बॉम्ब आत फेकला गेला. साथ ओसरल्यावर हिशोब झाला. टोचून घेतलेल्या जवळपास अडीचशे जणांपैकी सहा दगावले, म्हणजे शंभरात दोन-तीन. ज्यांना आपसूक देवी आल्या त्यांच्यात हे प्रमाण शंभरात चौदा होतं. (हेच मॅदर चेटकिणी असतात असंही मानत. माणूस एका बाबतीत बरोबर निघाला म्हणून त्याचं सगळंच बरोबर नसतं, हे ताईंच्या बाबतीतही ध्यानात ठेवायला हरकत नाही. त्या प्रार्थना सुंदर शिकवतात हे तुम्हीच लिहिलंय, आणि ते खरं असेल.)

पण इतिहासातल्या पाद्र्यानं तुमचं समाधान होणार नाही. तुम्ही वाचणाऱ्या बाई आहात आणि पत्रात तुम्ही मुद्दे मांडलेत. त्यांना बगल दिली तर मीही तुमच्या नवऱ्यासारखीच वागले असं होईल.

"जो कधी कोणी वेगळा काढून दाखवलाच नाही, तो विषाणू का मानायचा?" हा तुमचा पहिला मुद्दा. न दिसणाऱ्याला का मानावं, हा प्रश्न एखाद्या नास्तिकाकडून आला असता तर मला नवल वाटलं नसतं. तुमच्याकडून आला म्हणून जरा हसू आलं. पण मुद्दा रास्त आहे, आणि एके काळी शास्त्रज्ञांचाही तोच होता. १८९०च्या दशकात तंबाखूच्या पानांवर डाग पाडणाऱ्या रोगाचा अभ्यास चालला होता. आजारी पानांचा रस चिनी मातीच्या इतक्या बारीक गाळणीतून गाळला की जिवाणू अडकलेच पाहिजेत, तरी तो रस निरोगी पानाला लावला की रोग यायचाच. म्हणजे जिवाणूपेक्षा लहान असं काहीतरी होतं. काय, ते कळेना. १८९८ साली बायरिंक या डच शास्त्रज्ञानं त्याला 'व्हायरस' म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विष. आपला 'विषाणू' त्यातूनच आला. १९३५ साली वेंडेल स्टॅनली यांनी तो वेगळा काढला, अगदी स्फटिकांच्या रूपात. त्या स्फटिकांचं पाणी पानाला लावलं की रोग हजर. १९३९ साली त्याच विषाणूचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र निघालं. "कधीच वेगळा काढला नाही" हे वाक्य १९३४ पर्यंत ठीक होतं.

तुम्ही म्हणाल, ते पानांचं झालं, माणसाचं काय? तर २००२ साल पाहा. एकार्ड विमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिओ विषाणूची छापून आलेली जनुकीय अक्षरमाला घेतली, बाहेरून मागवलेले रासायनिक तुकडे त्या क्रमानं जोडले आणि पेशींच्या रसात त्यातून विषाणू तयार केला. कुठल्या रुग्णाची शिंक नाही, विष्ठा नाही, कुठली 'घाण' नाही. तो उंदरांना टोचला आणि त्यांचे पाय लुळे पडले. असा उद्योग करावा का, यावर तेव्हा मोठा वाद झाला आणि माझंही मत फारसं अनुकूल नाही. पण कागदावरचा क्रम निव्वळ कल्पना असता, तर कल्पनेतून उंदीर लुळा पडला नसता.

तुम्ही त्या जर्मन न्यायालयाच्या निकालाचाही उल्लेख केलात: "गोवराचा विषाणू नाही असा कोर्टानं निर्णय दिला." हा व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो म्हणून सांगते. विषाणू न मानणारे जर्मन जीवशास्त्रज्ञ स्टेफान लांका यांनी २०११ साली एक लाख युरोंचं बक्षीस लावलं: गोवराचा विषाणू सिद्ध करणारा शोधनिबंध दाखवा. डेव्हिड बार्डन्स या डॉक्टरांनी सहा निबंध पाठवले. २०१५ साली खालच्या न्यायालयानं बक्षीस द्यायला सांगितलं. २०१६ साली वरच्या न्यायालयानं ते रद्द केलं, कारण बक्षिसाच्या अटीत सगळा पुरावा एकाच निबंधात हवा होता आणि इथे तो सहांत मिळून होता. वाद अटीतल्या शब्दाचा होता. विषाणू नाही असं कोणतंही न्यायालय म्हणालं नाही.

तुमचा दुसरा मुद्दा मला जास्त आवडला, कारण तो तुम्ही कुठे वाचलेला नाही, स्वतः पाहिलेला आहे. "एकाच घरात राहून सासूबाईंना काही झालं नाही, मुलाला नुसती सर्दी, मला तीन दिवस ताप आणि बाबांना रुग्णालय. कारण एकच असेल तर परिणाम चार कसे?"

यातला खरा भाग आधी कबूल करते. शरीर कसं आहे यानं फरक पडतो, फार पडतो. पोलिओचा विषाणू दोनशे जणांच्या पोटात शिरला तर साधारण एकालाच पांगळेपण येतं. बहुतेकांना कळतही नाही. गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्व द्या असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण कुपोषित मुलाला तोच गोवर जीवघेणा ठरू शकतो. तेव्हा "शरीर बळकट हवं" म्हणणाऱ्या ताई चूक नाहीत. "शरीरच सगळं, बाहेरचं काही नाही" इथे त्या घसरतात.

याला उत्तर म्हणून मला प्रयोगशाळेतलं काही सांगायचं नाही. १८४६ सालचं फेरो बेटांवरचं सांगते. उत्तर अटलांटिकमधली ही बेटं, वस्ती जेमतेम पावणेआठ हजारांची. तिथे शेवटचा गोवर १७८१ साली आला होता. मग पासष्ट वर्षं काही नाही. १८४६च्या वसंतात कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो पुन्हा बेटावर उतरला आणि सहा-सात महिन्यांत सहा हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली. डेन्मार्कच्या सरकारनं पाठवलेला पानुम नावाचा तरुण डॉक्टर गावोगाव हिंडला. विषाणू हा शब्द तेव्हा आजच्या अर्थानं जन्मालाही यायचा होता. त्यानं एकच केलं, तारखा विचारल्या. तुमच्या गावात बाहेरचं माणूस कधी आलं? तुम्ही कोणत्या होडीतून कुठे गेला होतात? अंगावर पुरळ कधी उठलं? एकेका गावात उत्तर सारखंच येत गेलं: आजारी माणसाची गाठ पडल्यावर तेरा-चौदा दिवसांनी पुरळ. ज्या गावांनी बाहेरच्यांना येऊच दिलं नाही ती वाचली.

आणि म्हातारे? पासष्टीच्या वरचे, दात पडलेले, वाकलेले लोक. शरीराच्या कसावर सगळं ठरत असतं तर आधी तेच जायला हवे होते. पण १७८१ साली लहानपणी ज्यांना गोवर झाला होता, त्यांच्यातल्या एकालाही तो पुन्हा झाला नाही. धट्टेकट्टे नातू अंथरुणाला खिळले आणि आजोबा ठणठणीत राहिले. म्हाताऱ्यांपैकी आजारी पडले ते फक्त ज्यांना पहिल्या वेळी झाला नव्हता असे. त्या म्हाताऱ्यांचं मन नातवांपेक्षा शुद्ध होतं, असं म्हणायचं का? पासष्ट वर्षांपूर्वी एकदा भेटलेली एक विशिष्ट गोष्ट त्यांच्या शरीराला आठवत होती. सर्वसाधारण 'घाण' अशी आठवत नाही. एक ठरावीक शत्रू आठवतो. मला विचाराल तर सगळ्या सूक्ष्मदर्शकांपेक्षा ही म्हातारी माणसं मोठा पुरावा आहेत.

इन्फ्लुएन्झाचंही थोडं सांगते, कारण बाबांना तोच झाला. १९३३ साली लंडनमध्ये तीन संशोधकांनी फ्लू झालेल्या माणसाच्या गुळण्यांचं पाणी घेतलं, जिवाणू राहणार नाहीत असं गाळलं आणि फेरेटच्या नाकात घातलं. फेरेट म्हणजे मुंगसासारखा एक प्राणी. फेरेट शिंकायला लागले, तापले. पुढे त्यांतला एक आजारी फेरेट विल्सन स्मिथ या संशोधकाच्या थेट तोंडावर शिंकला, आणि स्मिथ यांना फ्लू झाला. त्यांच्याकडून मिळालेला विषाणू पुढे त्यांच्याच आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. मनातली अशुद्धी माणसाकडून फेरेटकडे आणि फेरेटकडून परत माणसाकडे कशी गेली, हे मला कुणी समजावून सांगितलं तर मी ऐकेन.

तिसरा मुद्दा, औषध कंपन्यांच्या नफ्याचा. कंपन्या नफ्यासाठीच असतात आणि त्यांनी लबाड्या केल्याचे खटलेही झालेत. त्यांची वकिली मी करणार नाही. मात्र ज्या रोगाला आपल्या भाषेत नावच 'देवी' आहे, तो १९८० साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. मग काय केलं? देवी टोचणं बंद केलं. तुमच्या-माझ्या आईच्या दंडावर ती खूण आहे, आपल्या दंडावर नाही. बागुलबुवा दाखवून धंदा करणारे आपलंच दुकान असं बंद करत नाहीत. आणि रोग गेला, नाव तेवढं उरलं, त्यानं देवीची पूजा काही थांबली नाही. विषाणू मानल्यामुळे श्रद्धा खोटी पडते या तुमच्या भीतीला खरं म्हणजे या एका शब्दातच उत्तर आहे.

"ईश्वरानं घडवलेलं शरीर परिपूर्ण असतं, त्याला सगळं कळतं." हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंत, म्हणून मला तुमच्याच घरातली गोष्ट पुढे ठेवावीशी वाटते. सासूबाईंनी बाबांना स्वतःची किडनी दिली. याहून शुद्ध भावनेनं दिलेलं काही तुम्ही आयुष्यात पाहिलंय का? मी नाही पाहिलं. पण बाबांच्या शरीराला हे कळत नाही. ते त्या किडनीला परकं समजतं आणि गोळ्या थांबल्या तर तिच्यावर तुटून पडेल. प्रेमानं आलेलं कोणतं, घात करायला आलेलं कोणतं, हे शरीर ओळखत नाही. ते फक्त आपलं आणि परकं ओळखतं. ताई ज्यांना पोखरणाऱ्या गोळ्या म्हणतात, त्या सासूबाईंच्या देणगीची राखण करतात. त्याची किंमत म्हणून बाबांच्या शरीराचा पहारा ढिला ठेवावा लागतो. म्हणूनच जो विषाणू तुम्हाला तीन दिवसांत सोडून गेला त्यानं त्यांना अकरा दिवस झोपवलं. तुमच्या "परिणाम चार कसे" या प्रश्नाचं तुमच्या घरापुरतं उत्तर हे आहे.

आता ती खोडलेली ओळ.

मला वाटतं, विषाणू नसावेत असं तुम्हाला गेल्या दोन महिन्यांत जास्तच वाटू लागलंय, आणि त्याचं कारण व्हिडिओंत नाही. विषाणू असतील तर तो त्या संध्याकाळी तुमच्या खोकल्यातून गेला असू शकतो. नसतील तर तुम्ही सुटलात. मी चुकत असेन तर चुकू द्या. पण बरोबर असेन तर एक पाहा. ताईंच्या म्हणण्यानं तुम्ही सुटता खऱ्या, पण अडकतं कोण? आजार मनाच्या अशुद्धीतून येतो, तर मग बाबा आजारी पडले ते बाबांच्याच मनामुळे! पंचवीस वर्षं रोज प्रार्थना केलेल्या माणसावर हा आरोप तुम्ही ठेवाल? उद्या मुलाला गोवर झाला तर त्या पाच वर्षांच्या पोराच्या मनात कसली घाण शोधायची?

मी फारशी देवाधर्माची नाही, पण मला तरी या दोहोंत विषाणूचं म्हणणं दयाळू वाटतं. त्याला पापी आणि पुण्यवान कळत नाही. तो वाईट माणसांकडून चांगल्यांकडे जातो तसा प्रार्थना वाचून दाखवणाऱ्या सुनेकडून सासऱ्यांकडेही जातो. त्यात कुणाचं मन मलीन असावं लागत नाही, आणि ज्याला आजार झाला त्यानं काही केलेलं असावं लागत नाही.

मग तुमच्यामुळे झालं का? फ्लू तुमच्याकडून गेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो नवऱ्याकडून, मुलाच्या शाळेतून किंवा रुग्णालयाच्या फेरीतून आला असणंही शक्य आहे. आता ते कुणालाच सांगता येणार नाही. काही वर्षांपूर्वी मी "साधी सर्दी तर आहे" म्हणत मैत्रिणीचं पाच आठवड्यांचं बाळ बघायला गेले होते, मांडीवर घेऊन बसले होते. आठवड्यानं ते बाळ श्वास लागून दवाखान्यात होतं. मैत्रीण मला कधी काही बोलली नाही, आणि ते जास्त कठीण गेलं. शेवटी मीच तिला म्हणाले, "मी त्या दिवशी यायला नको होतं." ती म्हणाली, "हो." बस्स, एवढंच. पण त्यानंतर आम्ही पुन्हा नीट बोलू लागलो. नसलेला हेतू स्वतःवर लादू नका, आणि झालेली चूक नाकारूही नका. त्या दोन्हींच्या मध्ये एक छोटं वाक्य बसतं. ते बाबांना सांगा, शक्य झालं तर नवऱ्यासमोर.

नवऱ्याचं ते वाक्य लागेलसंच होतं. त्याला सांगा की ते लागलं. पण ते रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढलेल्या मुलाचं वाक्य होतं, हेही लक्षात घ्या. त्याच्याशी विषाणूंवर चर्चा करू नका, सौदा करा: घरातल्या आजारपणात डॉक्टरांचं ऐकायचं, आणि तुमच्या प्रार्थनेची टिंगल त्यानं करायची नाही. दोघांनी आपापलं पाळायचं. असा प्रसंग ज्यांच्या घरी उलट बाजूनं आहे, म्हणजे ज्यांची बायको, भाऊ, आई अशा विचारांकडे वळली आहे, त्यांनाही मी हेच सांगेन. लेखांच्या लिंका पाठवून कुणी परत येत नाही. माणसाला तिथे काय मिळतं ते विचारा. बहुतेक वेळा तिथे कुणीतरी त्याचं ऐकून घेत असतं.

मुलाची लस मात्र तिसऱ्यांदा पुढे ढकलू नका. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेतून गोवर लागू शकतो, आणि तो पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो. म्हणजे "आजारी दिसला की लांब ठेवू" हा उपाय चालत नाही. बाबांसारख्या माणसांना गोवरासारख्या जिवंत लशी सहसा देता येत नाहीत, तेव्हा भोवतालच्यांनी घेतलेली लस हीच त्यांची ढाल असते. लस देणाऱ्यांना घरात किडनी बदललेले आजोबा आहेत हे आधी सांगा. तोंडातून द्यायच्या पोलिओसारख्या एखाद्या लशीबाबत त्यांना त्याचा विचार करावा लागतो. फ्लूची लस तुम्ही मोठ्यांनीही दर वर्षी घ्या. बाबांची त्यांच्या डॉक्टरांना विचारून. घरात कुणाला खोकला-ताप असेल तर त्यानं बाबांच्या खोलीबाहेर राहायचं, जावंच लागलं तर मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून. बाबांना ताप आला तर "उद्या बघू" नको, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं.

मंडळ सोडा असं मी सांगणार नाही. दोन वर्षांत तिथे तुम्हाला मैत्रिणी मिळाल्या, रात्री झोप लागू लागली, असं तुम्ही लिहिलंय; ते थोडं नाही. फक्त एकदा ताईंना एकटीनं भेटून विचारा, "ताई, तुमचं हे म्हणणं चूक असेल तर ते कशावरून कळेल?" त्या विचारात पडल्या तर त्यांच्याशी बोलत राहता येईल. "चूक असूच शकत नाही" असं म्हणाल्या तर प्रार्थना त्यांच्याकडून घ्या आणि औषध दुसरीकडून. मुलाला लस दिली म्हणून मंडळानं तुम्हाला दूर केलं, तर वाईट वाटेल, मोकळीक वाटायला वेळ लागेल. 'देव तारी त्याला कोण मारी' हे आपण म्हणतो, आणि 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असा टोमणाही आपणच मारतो. श्रद्धाळू माणसांच्याच भाषेत ही दोन्ही वाक्यं शेजारी नांदली आहेत.

आणखी एक. पत्रात सगळे बोलतात: नवरा, ताई, डॉक्टर, व्हिडिओतले लोक. सासूबाईसुद्धा एका जागी बोलतात. बाबा कुठेच बोलत नाहीत. आजार त्यांचा, गोळ्या त्यांच्या, किडनी त्यांच्या पोटात, आणि संध्याकाळी वाचता ती प्रार्थना तुम्हाला शिकवली तीही त्यांनीच. त्यांना काय वाटतं हे तुम्ही विचारलंय का? संध्याकाळचं वाचन त्या दिवसापासून बंद आहे असं तुम्ही लिहिलंत. ते त्यांना नको झालंय, की तुम्ही येत नाही म्हणून ते वाट पाहून गप्प बसलेत?

आज विचारा. खोकला नसेल तर शेजारी बसून वाचा. असेल तर मास्क लावा, उंबऱ्याबाहेर खुर्ची टाका आणि आवाज थोडा मोठा ठेवा. त्यांना दिसत नसलं तरी ऐकू नीट येतं, असं तुमच्याच पत्रात आहे.